अकरा सेकंदांची रेसिंग गाडी

नाही, पण मी म्हणतो, चार माणसं! चारच! बेळगावपासून निपाणीपर्यंत लाखो माणसं राहतात, त्यातली निम्मी रोज हायवेवर माझ्या अंगावर गाडी घालतात, आणि त्यात जुन्या मोटारींचे शौकीन किती, तर मी एक! एक म्हणजे मीच, भीमरत्न! आणि त्या निपाणीच्या म्युझियमचा नियम काय? तर मान्यताप्राप्त संघ पाहिजे, संघात किमान चार सभासद पाहिजेत, तरच ती रेसिंग गाडी वर्षातून एकदा, फक्त एकदा, चालू करून दाखवणार. तुम्हाला सांगतो, मला त्या गाडीला हात लावायचा नव्हता, तिच्यासोबत सेल्फी काढायचा नव्हता, मला फक्त आवाज ऐकायचा होता हो!

एकोणीसशे चोपन्न सालची गाडी. लाल. एकाच माणसाला बसायची. सहा सिलिंडर! कुण्या तंबाखूवाल्याच्या मुलानं परदेशात घेतली, जहाजानं आणली, आणि वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत ठेवून दिली. आता त्या वखारीचंच म्युझियम झालंय. मी पाचवीत असताना तिचा फोटो एका कॅलेंडरवर पाहिला होता. लोकांच्या वहीत नट्यांचे फोटो, माझ्या वहीत ही. पुढं इंजिनिअरिंग केलं ते कुणासाठी? घरचे समजतात नोकरीसाठी. असू दे.

तर संघ काढला. सीमाभाग वाहन-वारसा संवर्धन संघ. लेटरहेड मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत. म्हटलं, कुठल्याच बाजूनं कुणी काच फोडायला नको. घटना लिहिली, उद्दिष्टं लिहिली, चौदा पानं! 'यंत्र हा मानवी स्वातंत्र्याचा हुंकार आहे' हे वाक्य माझं. कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. एकशे बारा जणांनी अंगठा दाखवला. अंगठा! 'येणार कोण?' असं विचारलं तर सगळे गप्प. एकानं फक्त विचारलं, 'जेवण आहे का?'

मग काय करता? मिळतील ती माणसं घेतली. कंग्राळीचे मारुतीराव आप्पा. आमच्या वडिलांचे दोस्त, शर्यतीचे शौकीन. आता शर्यत बैलगाडीची, पण मी म्हटलं, शर्यत ती शर्यत. दुसरे धर्मराज अण्णा, रिटायर्ड बस ड्रायव्हर, लोंढ्याच्या रूटवर तीस वर्षं. आणि तिसरी, आमच्या आईची मावसबहीण गंगव्वा, पिरनवाडीची. वय साठ, नऊवारी, आणि ट्रॅक्टर असा चालवते की पोरं रस्ता सोडून शेतात उतरतात. ती का आली? तर म्हणाली, 'निपाणीला गेल्याला बारा वर्सं झाली रं. गाडी तुझी हाय न्हवं? मग व्हय.'

म्हटलं ठीक आहे. संकेश्वर येईपर्यंत मी गाडीत सगळ्यांची शिकवणी घेतली. कार्ब्युरेटर म्हणजे काय, विंटेज कशाला म्हणायचं, क्लासिक कशाला म्हणायचं… मागं बघतो तर तिघंही झोपलेले! आणि अण्णा झोपेतसुद्धा उजव्या पायानं ब्रेक दाबत होते.

म्युझियमच्या दारावर पाटी. तीन भाषांत. 'हात लावू नये.' आता तुम्हीच सांगा, आपल्या भागात एखाद्या गोष्टीवर तिन्ही भाषांचं एकमत झालेलं कधी बघितलंय? मी पहिल्यांदाच बघितलं. मला भरून आलं! तेवढ्यात गंगव्वानं ती पाटीच हातानं चाचपून बघितली आणि म्हणाली, 'पत्रा चांगला हाय.'

आत व्यवस्थापक. सौरव नाव. माझ्याच वयाचा, पांढरे हातमोजे, गळ्यात ओळखपत्र. आणि शिंकत होता बिचारा. तंबाखू जाऊन पंधरा वर्षं झाली, पण वास भिंतीत बसलाय. तिथं माणूस बोलायच्या आधी दोनदा शिंकतो. त्यानं फॉर्म काढला. म्हणाला, 'संघाच्या सभासदांची थोडी माहिती… आँक्छी… आपल्याकडे कोणतं क्लासिक आहे?'

मी बोलणार, तेवढ्यात आप्पा पुढं! 'पाखऱ्या.'

'कोणत्या सालचं?'

'सात वर्साचा हाय. गेल्या साली हिंडलग्याला दुसरा आलता. पंचांनी मारलं, न्हायतर पहिलाच की.'

'इंजिन ओरिजिनल?'

'घरच्या गायीचं हाय,' आप्पा म्हणाले.

मला वाटलं जमीन दुभंगावी. पण सौरवनं लिहून घेतलं! वरच्यांना काय, रकाना भरल्याशी मतलब. मला एकच भीती, हा आता म्हणेल की तुम्ही खरे शौकीन नाही, चला बाहेर. आणि मला फक्त आवाज ऐकायचा होता हो!

मग गाड्या बघायला सुरुवात. काय गाड्या होत्या! एकेकीचा बॉनेट म्हणजे मंदिराचा कळस. मी एकेका गाडीपुढं उभा राहून डोळे मिटत होतो आणि मागून काय ऐकू येतंय? धर्मराज अण्णा: 'ह्यात सीटा किती?' प्रत्येक गाडीला हेच! चार सीटा, पाच सीटा, ठीक. शेवटी लाल गाडीपाशी आलो. माझी गाडी! अंगावर काटा आला, तुम्हाला सांगतो, हा बघा, आताही येतोय. आणि अण्णा, 'एक सीट? एकच? मग रस्त्यात कुणी हात केला तर?'

'अण्णा, ही शर्यतीची गाडी आहे.'

'म्हणजे मोकळीच पळवायची व्हय? रिकामी? डिझेल काय बापाचं?'

गंगव्वा मागं वाकून बघतेय. 'ट्रॉली कुठं लावायची रं ह्याला? हुक न्हाय दिसत.'

आणि आप्पा! आप्पांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसले, चाकाकडं बघितलं, बॉनेटच्या वळणाकडं बघितलं, मान हलवली आणि सौरवला विचारलं, 'एकटाच? जोडीदार कुठाय ह्याचा?'

'एकच आहे, सर. आशिया खंडात एकच.'

'आरारारा… मग पळणार कसा? जोड न्हाय, आन् वर्सभर खुट्ट्याला बांधलेला. पाय आखडणार न्हाईत तर काय!'

मी दात-ओठ खाल्ले. म्हटलं, सौरवसाहेब, आपण गाडी चालू करू या. संघ आलाय, फॉर्म भरलाय, अकरा वाजलेत. चालू करा!

सौरवनं हातमोजे काढले. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. म्हणाला, 'त्याचं काय आहे, हिला आतून स्टार्टर नाही. बाहेरून मशीन लावून इंजिन फिरवायचं असतं. ते मशीन… काल बघितलं… जळालंय.'

जळालंय! चौदा पानं! चार सभासद! पाचवीपासूनची वही! जळालंय म्हणजे काय? मी भाषण सुरू केलं. वारसा म्हणजे काय, जतन म्हणजे काय, मढं ठेवणं म्हणजे जतन नव्हे, ज्या यंत्राचा श्वास थांबला ते यंत्र… आणि भाषण रंगात आलं असताना मागून अण्णांचा आवाज, अगदी साधा, बसस्टॉपवर वेळ विचारावी तसा:

'धक्का मारून बघितलं काय?'

सौरव म्हणाला, 'सर, ही पासष्ट लाखांची…'

'लोंढ्याच्या घाटात माझी बस मी तीस वर्सं धक्क्यावर चालू केली,' अण्णा म्हणाले. 'पॅसेंजर खाली उतरायचे, धक्का मारायचे, परत बसायचे. तिकिटात तेवढं धरलेलंच असायचं.'

मी विरोध केला बरं का. मीच! म्हटलं, हे संवर्धनाच्या तत्त्वात बसत नाही, आपल्या घटनेचं कलम सात वाचा. कोण वाचतंय? सौरव माझ्याकडं बघत होता, मग गाडीकडं, आणि हळूच म्हणाला, 'मी इथं तीन वर्षं आहे. मशीन पहिल्या वर्षापासूनच नाटक करतंय. खरं सांगू? मी पण आवाज ऐकलेला नाही.'

तोही माझ्यातलाच निघाला. कलम सात गेलं खड्ड्यात.

आता बसणार कोण? मी! साहजिक आहे! मी पाय आत घातला. पाय गेला. पण बाकीचा मी गेलो नाही. चार वर्षं हॉस्टेलच्या मेसचा भात खाल्लेला माणूस मी, कंबरेला अडकलो. तिघांनी मला ओढून बाहेर काढलं. सौरव उंच, गुडघे आत जाईनात. अण्णांची पाठ वाकत नाही. आप्पा म्हणाले, मी कासरा असंल तर बसतो. राहिलं कोण?

गंगव्वानं कासोटा आवळला, पदर खोचला आणि खिशातून लिंबू काढावं तसं… खिसा कुठला, कमरेच्या पिशवीतून लिंबं काढली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवल्याशिवाय ती बसेना. सौरव स्वतः लिंबं ठेवायला वाकला, तुम्हाला सांगतो, उघड्या हातांनी! मग ती आत बसली, अशी अलगद, जणू तिच्याच मापाची शिवलेली. म्हणाली, 'क्लच कुठला? ह्यो? बरं. सेकंडला टाकू न्हवं?' अण्णा म्हणाले, 'सेकंडलाच. मी म्हणलो की सोड.'

वखारीपुढं तंबाखू वाळवायचं मोठं अंगण आहे. तिथं गाडी काढली. मी, सौरव, अण्णा मागून. आप्पा बाजूनं पळत, तोंडानं टॉक् टॉक् करत, बैलाला करतात तसं. 'हाय की रं वाघा, हल की!' आणि गंगव्वा आतून कन्नडमध्ये, 'नडी, नडी!', म्हणजे चल, चल! आणि अण्णा, 'अजून जोर, अजून!' वॉचमन शिट्टी मारतोय, पलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं भिंतीवर चढून ओरडताहेत, नुसता गोंगाट! आणि मला तर फक्त आवाज ऐकायचा होता हो! मी म्हटलं, इंजिन लागलं तर ह्या बाजारात ऐकू काय येणार? इतक्या वर्षांची वाट बघितली आणि ऐकायचं काय, तर वॉचमनची शिट्टी? मी पुढं पळालो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, 'शांतता! कुणी बोलू नका! शांतता राखा!'

आणि अण्णा म्हणाले, 'सोड!'

लागलं. लिंबं कधीच चिरडून मागं पडली होती, गाडी माझ्या बाजूनं सुटली, लाल, आणि मी वळून बघतो तर सगळ्यांची तोंडं उघडी! भिंतीवरच्यांची उघडी, सौरवचं उघडं, अण्णांचं उघडं. मला वाटलं, हे बोलताहेत! अजून बोलताहेत! म्हणून मी आणखी जोरात, 'अरे गप्प बसा! आवाज ऐका! मूर्खांनो, आवाज ऐका आवाज!' गंगव्वानं अंगणाला एक वळसा घातला, मध्ये गिअर बदलला, आणि गाडी परत दारात आणून बंद केली.

अकरा सेकंद.

तेव्हा कुठं मी गप्प झालो. आणि कळलं की कुणीच बोलत नव्हतं. एक चिटपाखरू बोलत नव्हतं. वॉचमनची शिट्टी तोंडातून गळून छातीवर लोंबत होती. आप्पा हात जोडून उभे, डोळ्यांतून पाणी. अण्णा म्हणाले, 'असलं इंजिन असतं तर मी रिटायरच झालो नसतो.' सौरवनं गंगव्वाच्या पायाला हात लावला. आणि मी विचारलं, 'कसा होता?'

सौरवनं धक्का मारायच्या आधीच मोबाईल व्हिडिओवर लावून खिडकीत टेकवून ठेवला होता. लावला. झकास चित्र आलंय, हलत नाही, धूर नाही. आणि अकराच्या अकरा सेकंद एक माणूस बोंबलतोय. शेवटी सौरव हळूच म्हणाला, 'मागं कुठंतरी येतं बघा थोडं… नाही, तो पण तुमचाच घसा आहे.'

पुढच्या महिन्यात ट्रस्टींनी व्हिडिओ बघितला. मालमत्ता, धक्का, लिंबू, नऊवारी, सगळं बघितलं. टाकी रिकामी केली, ठराव केला: यापुढं गाडी सुरू करायची नाही. कायमचं.

संघ मात्र जोरात आहे. सभासद सव्वीस झालेत! पाखऱ्याच्या शर्यतीला आलेली पोरं आप्पांना विचारतात, कसा होता आवाज, आणि आप्पा सांगतात, 'जन्मात एकदा ऐकावा असा.' माझ्याकडं बघून सांगतात हो!

मी आता दर रविवारी कंग्राळीला जातो. गोठ्यात पोत्यावर बसतो. जन्मभर जीभ वाजवून बैल पळवलेला माणूस आहे, कान तयार आहे, आप्पा तोंडानं तो आवाज काढून दाखवतात. मी हूं की चूं करत नाही. दुसरा गिअर फक्कड काढतात, अगदी डोळ्यांपुढं गाडी उभी राहते.

तिसऱ्याला मात्र खोकला येतो.