छाटणीचा शब्द

अमरावतीच्या दवाखान्यात सासऱ्याच्या औषधासाठी रिकामी बाटली घेऊन जमुना ताटकळत बसली होती. शेजारच्या बाकावर वरूडचे संत्रा बागायतदार नत्थुजी आणि त्यांचे मेहुणे शेषराव मास्तर. आत नत्थुजींच्या मुलाचा पाय कापायचं काम चाललं होतं.

मास्तर म्हणाले, “सर्जन हा शब्द मूळ ग्रीक, जवाईबापू. अर्थ काय, तर हातानं काम करणारा.”

“मंग काय पायानं करते?”

“आणि पाय कापण्याला ते अँप्युटेशन म्हणतात ना, तो शब्द तर तुमच्या बागेतलाच. जुने रोमन लोक झाडाची फांदी छाटत, त्याला असं म्हणत.”

“तुमच्या भाच्याचा पाय तुटून राहिला, अन तुमी शब्द सोलत बसले. इतकं शिकून हेच केलं काय?”

“अर्थ कळला की धीर येतो.”

“छाटल्या फांदीले धुमारे फुटते, मास्तर. पोट्ट्याच्या पायाले फुटन काय? पाय अन फांदी एक समजनारे तुमचे रोमन बयताडच असन.”

“त्यांनी नुसता शब्द घेतला. पोराच्या पायावर कुऱ्हाड पडली, तेव्हा घावावर शेणमाती कोणी लिपली? झाडाच्या कापावर लिपतात तशी?”



“संत्र्याची फांदी कापली का झाड त्या लेपानंच वाचते.”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलं ना? त्यानंच पाय सडला.”

“मंग लिपन्यालेबी शब्द असन तुमच्या रोमनायचा. तो सांगा आता.”

शेषराव चष्मा पुसत बसले.

जमुनाने बाटली खाली ठेवली. आपल्या पायाच्या ठेचाळलेल्या अंगठ्यावरचा वाळलेला शेणाचा लेप ती नखानं खरवडू लागली.