पिशवीतलं कोकरू

मुलांच्या मेंदू-नसांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दुधनीचे बिरप्पा नात मायाक्काला मांडीवर घेऊन बसले होते. पलीकडं आपल्या मुलाला दाखवायला आलेल्या मीनाबाई होत्या. बिरप्पा त्यांना म्हणाले,

"आमचं कोकरू पिशवीत घातलं की तोंडच उघडत न्हाय, ताई."

पिशवी 'बें' करून ओरडली.

"मामा, दवाखान्यात कोकरू कशाला?"

"मायाक्काचे पाय लुळे पडलेते की. डॉक्टर म्हणले, अंगाची राखण करणारी ताकदच नसांवर उलटली."

"म्हणजे काय हो?"

"राखणीचं कुत्रंच मेंढरांवर धावलं म्हणा. औषधानं कुत्रं गप झालंय. आज चालून दाखवायचंय, पन डॉक्टर दिसले की ही बसूनच घेतीया. घरी ह्या कोकरामागं चार पावलं टाकली बगा तिनं."

"आणि इथं सुटलं तर?"

"माझ्या हातनं? जन्मात न्हाय."

"मामा, सुटलं."

"आरं धरा की त्याला! कुटं गेलं?"

"कोकरू राहू द्या, पोरगी बघा."

"का, पडली व्हय?"

"पळतीय, मामा."

"...व्हय की. लई पळतीया."

डॉक्टर हसतच केबिनबाहेर आले. तिच्यामागं जायला त्यांनी दाराशी काढलेले बूट घातले. एका बुटात लेंड्या होत्या.