सात नंबरचा दगड

अरे, दगड ओळखायला मला कॉलेजनं न्हाई, किराणा दुकानदारानं शिकवलं.

परभणीत शिकायला होतो. सरांनी सात दगड घरी दिले आणि सोमवारी नावं सांगा म्हणाले. सहा ओळखले. सातवा पांढरा, काचेसारखा, काही केल्या ओळखेना. वैतागून तो धुतला, घरमालकीण मावशींच्या रांजणाजवळ ठेवला आणि विसरलो. सोमवारी सकाळी बघतो तर गायब!

तेवढ्यात समोरच्या दुकानातून मावशींचा आवाज आला. “कसली तुरटी देता ओ? चार दिवस झाले रांजणात फिरवायलेय, पाणी गढूळ ते गढूळच!”

दुकानदारानं खडा जिभेला लावला. “मावशी, ही आमची तुरटी न्हाईच. तुरट लागंना, झिजली बी न्हाई. गारगोटी हाय ही!”

मी खडा हिसकावला आणि कॉलेजात पळालो.

“गारगोटी. बरोबर,” सर म्हणाले. “कसोटी कोणती लावली?”

मी खरं ते सांगून टाकलं. सर टेबल धरून हसले आणि पैकीच्या पैकी मार्क दिले.

घरी येऊन मावशींना सांगितलं. त्यांनी दुकानातून आणलेला तुरटीचा नवा खडा माझ्यापुढं धरला.

“पास झालास न्हवं? मग चाट.”