खोटं चाक फिरणार नाही!

मंडळी, आधी मला एक सांगा! कुणी भरवशानं विचारलं, ‘आता काय परिस्थिती?’ — आणि आपल्याला ठाऊकच नाही! मग काय करावं? ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळं व्हावं? की तोंडावर सांगावं — मला माहीत नाही?

ऐका तर! मृणाल कुंभोजकर नावाची एक मुलगी. नदीकाठच्या गावांना पुराची पातळी कळावी म्हणून मोबाईलचं ॲप बनवणारी. आता तुम्ही रोज काय करता? पडदा बोटानं खाली ओढता, वर चाक गरगर फिरतं, ताजी खबर येते. हसू नका काकू, पदराआड तुमचं तेच चाललंय! — तर ही ओढायची सोय करायचं काम मृणालकडे आलं.

तिचे साहेब शिरोडकर. म्हणाले, “दर वेळी सर्व्हरला विचारू नकोस, ताण येतो. दोन सेकंद चाक फिरव आणि खाली लिही — आत्ताच अद्ययावत!”

“आणि आकडा?”

“असेल तोच! लोकांना बरं वाटल्याशी कारण.”

“सर, त्या आकड्यावर माणसं गोठा सोडायचा की नाही ते ठरवतात! चाक फिरलं तर विचारलंच पाहिजे. उत्तर आलं नाही, तर आलं नाही असंच लिहीन!”

“मग दुसरी नोकरी बघ.”

“बघते! पण माझ्या हातून खोटं चाक फिरणार नाही!”

आहे हिंमत? आपण असतो तर ‘बरं सर’ म्हणून चहाला गेलो असतो!

जाण्याआधी तिनं खरं सांगणारंच चाक बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या नव्या सोयीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम. अधिकारी, हारतुरे, आणि कौतुक करायला मुद्दाम बोलावलेले नदीकाठचे बापू नलवडे. बापूंनी बोटानं पडदा खाली ओढला. चाक फिरलं... फिरलं... आणि अक्षरं उमटली — ‘नवी नोंद आलेली नाही. चोवीस फूट ही कालची पातळी आहे. तिच्यावर विसंबू नका.’

साहेब लालेलाल! “रेंज नसेल हो. पातळी चोवीसच आहे!”

बापू ताडकन उठले. “कालची? आवं, सकाळी फोनवर चोवीस बघूनच जनावरं बांधून आलोय मी!” तिथूनच घरी फोन — “दावी सोडा! म्हशी माळावर न्या!”

दुपारी गोठ्यात कमरेइतकं पाणी होतं, मंडळी! आणि म्हशी? माळावर रवंथ करीत! मृणालची नोकरी गेली ती गेलीच. पण पोरगी कुणाच्या पाया पडली नाही — का पडावं?

आता वळतो तुमच्याकडे! रोज माळ ओढता. मणी फिरतात, एकशे आठ! आणि आत? कालचाच राग, कालचाच हेवा! वर कपाळावर गंध — आत्ताच अद्ययावत! कुणाला फसवता? उद्या माळ हातात घ्याल, आणि आत काही हललं नसेल, तर ताठ मानेनं तेवढंच सांगा — ‘देवा, अजून काही आलेलं नाही!’ तो रागावणार नाही. चला, उचला टाळ! पण मन आलंय का, ते आधी बघा!