मागचे केस परत येतात असे कोण म्हणाले, त्याबाबत

माझे नाव बिरदेव तात्याबा लवटे, वय २४ वर्षे, धंदा मिळेल ते काम (लिहून घेणाऱ्या हवालदार मॅडम म्हणाल्या एकच सांग, म्हणून मेंढरे कातरणे), शिक्षण नववीपर्यंत, राहणार लवटेवस्ती, ता. माळशिरस, सध्या शुक्रवार पेठ, सोलापूर, मित्राच्या खोलीवर.

मी आज दि. ११/०९/२०२५ रोजी दुपारी सव्वाबारा वाजता आपल्या पायाने ठाण्यात आलो. मला कोणी धरून आणलेले नाही. घनश्री हेअर सेंटरच्या लोकांनी काल माझ्यावर तक्रार दिली हे मला माहीत आहे. ती खरी आहे. तिच्याबद्दल मी पुढे सांगणार आहे, पण आधी माझी तक्रार लिहून घ्यावी. हवालदार श्रीदेवी मॅडम यांनी विचारल्यावरून सांगतो की,

माझा मोठा भाऊ शहाजी, वय ३१, हा वस्तीवर आमची मेंढरे सांभाळतो. आमच्यात फिरस्ता मी आहे. पुण्यात हॉटेलात होतो, सुरतेला दोरीच्या कारखान्यात होतो, एक हंगाम ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर होतो. त्या ट्रॅक्टरला ब्रेक नव्हता, आणि एकदा चढाला (मॅडम यांनी मुद्द्याचे बोल असे सांगितले). मुद्दा हा की शहाजी कुठे जात नाही, म्हणून बाहेरचे काही असले की तो मला विचारतो.

शहाजीचे लग्न सोनाली हिच्याशी ठरले आहे. तुळशीची लग्ने झाली की उडवायचे होते. शहाजीचे केस पंचविशीपासून पुढून गळत गेले. कायम फेटा असल्यामुळे लोकांना दिसत नव्हते. पण आमच्यात हळदीच्या आधी नवऱ्याला पाटावर बसवतात, फेटा काढतात आणि दोन्हीकडच्या बायका डोक्यावर तेल घालतात. आता त्याचा मोबाइलवर व्हिडिओ निघतो. शहाजीला त्या तेलाची धास्ती होती. तो कांद्याचा रस लावत होता. मेंढरे त्याच्या जवळ यायला बघत नव्हती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला सोलापुरात आणून सरकारी दवाखान्यात चामडीच्या डॉक्टर मॅडमना दाखवले. आमचे म्हणणे होते की फेट्याने आणि बोअरच्या खारट पाण्याने केस गेले. त्या म्हणाल्या, फेट्याचा आणि पाण्याचा काही दोष नाही, हे घराण्यातून येते. कपाळाकडची मुळे हळूहळू बारीक होत जातात, केस पातळ येतो, मग येत नाही. मागच्या बाजूची मुळे सहसा टिकतात, म्हणून ती काढून पुढे लावतात. त्याच्या दोन पद्धती त्यांनी कागदावर डोके काढून दाखवल्या. एकीत मागून कातड्याची पट्टी कापतात आणि टाके घालतात. एक लांब व्रण राहतो, वर केस वाढवले की झाकतो. दुसरीत पोकळ सुईने एकेक मूळ उचलतात. टाके नाहीत, पण जागोजागी ठिपके राहतात, आणि हावरेपणा केला तर मागची बाजू कसर लागल्यासारखी होते.

त्या असेही म्हणाल्या, "शहाजी, तुमचे मागचे केस मुळातच विरळ आहेत. पुढचे अजून गळायचे थांबलेले नाहीत. वर्षभर औषध लावा, मग ठरवू. आणि लावलेले केस महिन्याभरात एकदा गळतात, नीट यायला वर्ष जातं. लग्नापर्यंत काही होणार नाही. मागून एकदा मूळ काढलं की तिथं परत केस येत नाही, हे ध्यानात ठेवा." हे त्यांनी दोनदा सांगितले. त्या वेळी मी शहाजीच्या कानात काय बोललो ते इथे घेण्याची गरज नाही.

शहाजी थांबायला तयार नव्हता. म्हणाला, "वरीसभर थांबू? तवर हळद लागून पोरगं हुईल की." मग मी मोबाइलवर शोधून त्याला घनश्री सेंटरला नेले. तिथे मृत्युंजय नावाचा इसम, वय अंदाजे ३०, टेबलावर होता. त्याचे स्वतःचे केस दाट असून मागे वळवलेले होते. तो म्हणाला, "पट्टीचं जुनं झालं हो पाहुणे. टोचून काढायचं. दुखत नाही, तीन महिन्यांत रान भरून येतं." शहाजीने मागच्या बाजूचे विचारले. सेंटरवाल्यांनी सांगितले की मागचे केस परत येतात. त्यावर शहाजी तयार झाला.

दि. २६ ऑगस्टला सकाळी नऊ वाजता शहाजीला आत घेतले. पाटीवर ज्या डॉक्टरचे नाव आहे तो आला नाही. तोंडाला फडके बांधलेले दोघे होते. त्यातला एक मध्येच फोनवर बोलायचा आणि सुई दुसऱ्याच्या हातात द्यायचा, असे शहाजीने मला नंतर सांगितले. मी स्वतः तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते, रस्त्यावर लेझमाचा सराव चालला होता, तो बघत उभा राहिलो. त्यांचा हलगीवाला चांगला होता. त्याच्या मागे मागे गेलो. पाच वाजता आलो तेव्हा शहाजी डोक्याला पट्टी बांधून जिन्यात बसलेला होता. "कुटं गेल्तास रं?" एवढेच म्हणाला.

सहाव्या दिवशी त्याच्या डोक्याला वास यायला लागला. मृत्युंजयला फोन केला. "खपली आहे, पडेल. भिऊ नका." आठव्या दिवशी ताप आला. "खोबरेल लावा." नवव्या दिवसापासून त्याने फोन उचलला नाही. दहाव्या दिवशी, दि. ५ सप्टेंबरला, मी शहाजीला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात आणले. आई म्हणत होती, डोकं मांडीवर घेते. पण डोके कुठेच टेकवता येत नव्हते.

त्याच डॉक्टर मॅडम होत्या. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. सेंटरच्या कागदावर मुळांचा आकडा वाचला आणि म्हणाल्या, "एवढी मागं नव्हतीच." कपाळाच्या वर तळहाताएवढे कातडे काळे पडले आहे, ते कापून काढावे लागणार आहे. मागची बाजू पिकली आहे, ती सुकेल, पण तिथे केस येणार नाहीत. म्हणजे पुढचे आले नाहीत आणि मागचे गेले.

सोनाली दि. ८ रोजी वॉर्डात येऊन गेली. तिचे मामा बाहेर लग्न मोडायचे बोलत होते. ती आत येऊन शहाजीला म्हणाली, "मला म्हाईत नव्हतं व्हय? मागल्या जत्रंत वाऱ्यानं फेटा उडाला तवाच दिसलं की. लई हसले मी. म्हणून तर व्हय म्हणाले." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् तुमी हो भावजी? मी काय लोकरीसंगं लगीन लावत हुते?" हे लिहायचे का असे मॅडमनी विचारले. लिहा म्हटले.

काल दि. १० रोजी साडेअकरा वाजता मी सेंटरला गेलो. माझ्या पिशवीत मेंढरे कातरायची कातर होती. ती मी मारायला नेली नव्हती. हंगाम चालू आहे, धार लावून परत येत होतो. मी मृत्युंजयला म्हणालो, भावाचे डोके नासवले, आता डॉक्टरला बोलव. तो म्हणाला, "डॉक्टर पुण्याला असतात." मी म्हणालो, मग सुई कोणाच्या हातात होती? त्याने फायलीतून एक कागद काढला. कागद इंग्रजीत होता. त्याने बोट ठेवून वाचून दाखवले, की मागील केस परत येत नाहीत हे रुग्णास समजावून सांगितले आहे. खाली साक्षीदार म्हणून सही होती. "सही तुझीच की रे. आता ओरडतोस कुणावर?" असे म्हणून तो हसला आणि त्याने केसांवरून हात फिरवला.

त्यानंतर मी त्याला खुर्चीत दाबून धरले आणि त्याच्या कपाळापासून मानेपर्यंत कातरीने एक वाट काढली. मेंढरू कातरताना चार पाय बांधावे लागतात, याचे काही बांधावे लागले नाही. त्याला कुठे खरचटलेले नाही, डॉक्टरकडून तपासून घ्यावे. मी त्याला म्हणालो, "तुझं येतंय परत. काळजी करू नगंस." याबद्दल जो गुन्हा असेल तो लावावा. कातर मी टेबलावर जमा केली आहे.

इथवर लिहून झाल्यावर मॅडमनी मला विचारले की त्या कागदावरची सही तुझीच का. मी होय म्हणालो. कागद वाचला होतास का? इंग्रजी मी अडखळत का होईना वाचतो, पण तो वाचला नव्हता. मृत्युंजयने फुली मारलेल्या जागेवर सही केली आणि लेझीम बघायला गेलो. मग मॅडम म्हणाल्या, "सेंटरमध्ये मागचे केस येतात असं नेमकं कोण बोललं? नाव सांग. 'सेंटरवाल्यांनी' असं कोर्टात चालत नाही."

मॅडमनी पाणी दिले.

खरे असे आहे. सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडम सांगत असताना मी शहाजीच्या कानात म्हणालो, "बाईनं कवा मेंढरू कातरलं न्हाय वाटतं." तो हसला. सेंटरमध्ये त्याने मागचे विचारले तेव्हा मृत्युंजय लगेच बोलला नाही. शहाजी त्याच्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "येतं की दादा. लोकर येत न्हाय व्हय?" मग मृत्युंजय म्हणाला, "बघा, धनगराला कळतं." म्हणजे पहिल्यांदा मी बोललो. त्याने नुसती माझी री ओढली. हे खोटे आहे हे त्याला माहीत होते आणि त्याने ते खोडले नाही, हा त्याचा गुन्हा आहे, तो सोडू नये.

मी सात वर्षांचा असल्यापासून कातर धरतो. आमच्यात एक काळी मेंढी आहे, तिला लांडग्याने मानेला धरले होते. पाच वर्षे झाली, तिथे लोकर आलेली नाही. दर हंगामाला मी तिला त्या जागेला वळसा घालून कातरतो. ती मला त्या दिवशी आठवली नाही.

मॅडम म्हणाल्या, "हे लिहिलं तर सेंटरचा वकील पहिल्यांदा हेच वाचणार. तुझा जबाब तुझ्याच भावाच्या विरोधात जाईल. न लिहिता चालतंय बघ." मी म्हणालो, न लिहिता गेलो तर वॉर्डात जाऊन काय सांगू. शहाजी दि. ५ पासून माझ्याशी बोललेला नाही. त्याला माहीत आहे कोण म्हणाले ते. मॅडम म्हणाल्या, न बोलणे हे तक्रारीत येत नाही. मी म्हणालो, मग ते सोडा, बाकीचे लिहा.

त्यांनी माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि या वेळी मी स्वतःही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. 'सेंटरवाल्यांनी सांगितले की मागचे केस परत येतात' या ओळीतील 'सेंटरवाल्यांनी' हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे 'मी' असे लिहिले आहे आणि खाडाखोडीवर माझी सही घेतली आहे. आता हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

जबाब देणार,
(सही) बि. ता. लवटे