पाणी आलं की सांगणारा कॉम्प्युटर

अरे, तो तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर मिळतो ना, तो घ्यायला मी बायकोसोबत कल्याणला गेलेलो. आम्ही कल्याणजवळ दिव्याला राहतो, तिथे पाणी कधीही येतं. नळाला सेन्सर लावायचा, पाणी आलं की मोबाईलवर मेसेज, असा माझा बेत मी दुकानदाराला सांगितला.

"आणि लाइट गेली तर?" बायकोने विचारलं.

"मग बंद पडणार," दुकानदार खरं तेच बोलला.

तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला, मी स्पीकरवर घेतला. "अरे, पाणी आलंय! माझ्याकडे ठेवलेल्या चावीने तुमचं दार उघडलं, पिंप भरायला लावलंय. सावकाश या."

बायको नुसती हसली. मी कॉम्प्युटर काउंटरवर परत ठेवला. वाटलं, आता दुकानदार चिडणार.

तो हळूच म्हणाला, "दादा, काकूंचा नंबर द्याल? मीपण दिव्यालाच राहतो."