सत्तावीस बुचं

वखारवाले : ताई, हात काढा. पटाशी लागेल.

मुलगी : लागू दे. आधी ती दारावरून उचला.

वखारवाले : अहो, गिऱ्हाइकाचं काम आहे. संध्याकाळी हॉटेलच्या भिंतीवर चढवायचंय. जुन्या होडीच्या फळ्या आहेत ह्या. खिळ्यांची भोकं दिसली तरच लाकूड जुनं वाटतं. इथे कुण्या शहाण्याने लाकडाची बुचं ठोकून एकूणएक भोक बुजवून ठेवलंय!

मुलगी : तो शहाणा म्हणजे माझे बाबा.

वखारवाले : असं होय...

मुलगी : त्यांचं शेवटचं दार. हात इतके थरथरायचे, की चमचा तोंडाशी जाईतो निम्मा रिकामा. तरी बूच बसवताना लाकडाच्या रेषेला रेष जुळलीच पाहिजे. एका बुचाला एक दिवस. चुकलं की काढून पुन्हा. आणि तुम्ही चहा पिता पिता उपटताय?

वखारवाले : माझ्यावर कशाला डाफरता? मी काय चोरून आणलं? तुमच्या भावानेच टेम्पोत चढवून दिलं. म्हणाला, न्या, अडगळ आहे.

मुलगी : बाबा होते तेव्हा वर्षभर फिरकला नाही. ते गेल्यावर घर रिकामं करायला मात्र उजाडायच्या आत हजर! मला विचारलंसुद्धा नाही. दार मला परत हवंय, काका.

वखारवाले : मी शब्द देऊन बसलोय.

मुलगी : उभा जन्म लाकडात गेला ना तुमचा? मग हे काम तुम्हाला दिसलं नाही? की दिसूनही पटाशी घातलीत?

वखारवाले : ...दिसलं.

मुलगी : किती काढलीत?

वखारवाले : सगळी. एकोणीस.

मुलगी : सत्तावीस होती.

वखारवाले : छे. चष्मा लावून पाहिलंय मी. एकोणीसच.

मुलगी : सत्तावीस. रोज सकाळी गोळ्या दिल्या, की त्या दिवसाचं बूच मीच त्यांच्या हातात द्यायची.

(वखारवाले पटाशी खाली ठेवतात. दारावरून तळवा फिरवतात, पुन्हा फिरवतात. आणखी एकही बूच हाताला लागत नाही.)

वखारवाले : गिऱ्हाइकाला काय सांगू मी आता?

मुलगी : सांगा, भोकं कमी पडली.

वखारवाले : ती एकोणीस त्या डब्यात आहेत. घेऊन जा. टेम्पो बोलावतो.

मुलगी : बरं.

वखारवाले : आणि ताई... उरलेली आठ कुठे आहेत, ते मला सांगू नका.